गाडी शिकायची ती डाव्या पायाने

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात राहणाऱ्याला चौथा-पाचवा गिअर रोजच्या वापरात क्वचितच लागतो. संध्याकाळी कल्याण-बदलापूर रस्त्याला लागा. सतरा सेक्शन म्हणा, विम्को नाका म्हणा, फॉरेस्ट नाका म्हणा, गाडी पहिल्यातून दुसऱ्यात जाते आणि दुसऱ्यातून पुन्हा पहिल्यात येते. पुढची रिक्षा प्रवासी दिसला की आहे तिथेच थांबते, डावीकडच्या फटीतून दुचाकी घुसते, आणि लोकल येऊन गेली की स्टेशन रस्त्यावरचा लोंढा बॉनेटला हात टेकवत पलीकडे जातो. अशा रस्त्यावर गाडी चालवता येणं म्हणजे ती माणसाच्या चालीने, न उसळता, बंद न पाडता पुढे सरकवता येणं. हे काम स्टिअरिंगचं नाही आणि ॲक्सिलरेटरचंही नाही. ते क्लचचं, म्हणजे तुमच्या डाव्या पायाचं आहे.

आणि नेमका हाच पाय ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कच्चा राहतो. स्कूलच्या गाडीला ड्युअल कंट्रोल असतो. शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. नियमानेच तसे असावे लागतात, आणि सुरुवातीचे दिवस तुमचा व रस्त्यावरच्या लोकांचा जीव त्यांच्यामुळेच सुरक्षित राहतो. पण सर दिवसभर एकामागून एक शिकाऊ बसवत असतात. गाडी भर चौकात बंद पडली, मागून हॉर्न सुरू झाले, की वैताग त्यांनाही येतो. मग ते बोलता बोलता क्लच स्वतःच सांभाळतात. गाडी लोण्यासारखी निघते, तुम्हाला वाटतं आपल्याला जमलं. क्लास संपतो, लायसन्स हातात येतं, घरची गाडी काढता आणि ती सोसायटीच्या गेटावरच आचके देऊन बंद पडते. गाडीत दोष नसतो. इतके दिवस क्लच सोडणारा पाय दुसऱ्याचा होता, इतकंच.

म्हणून स्कूल निवडताना एकच प्रश्न आधी विचारा: सर क्लचवरून पाय कधी काढतात? पहिले चार-पाच दिवस झाल्यावर स्वतःहून सांगा, "सर, आजपासून ब्रेकवर लक्ष ठेवा, क्लच माझ्याकडे राहू द्या. बंद पडली तर पडू द्या." चांगला शिकवणारा हे ऐकून खूश होतो. जो नाराज होईल त्याच्याकडे पैसे भरण्याआधी दोनदा विचार करा. आणि गाडी अवघड जागी अगदीच सुरळीत निघाली, तर एकदा शेजाऱ्याच्या डाव्या गुडघ्याकडे बघा. तो हलत असेल तर कौतुक त्या गुडघ्याचं.

दुसरं, पॅकेज किलोमीटरवर घेऊ नका. 'रोज पाच किलोमीटर' ही आपल्याकडची रूढ भाषा. सकाळी सहाला पाच किलोमीटर दहा मिनिटांत संपतात आणि संध्याकाळी तेच अंतर अर्धा तास खातं. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार खासगी गाडीच्या शिक्षणाचा कालावधी किमान २१ दिवसांचा आणि त्यात प्रत्यक्ष गाडी हाकण्याचे किमान १० तास हवेत. म्हणजे रोज साधारण अर्धा तास. पंधरा दिवसांत आटपणारं पॅकेज घ्यायचं तर घ्या, पण त्यात हे दहा तास बसतात का, याचा हिशेब फी भरतानाच मांडा.

क्लच म्हणजे काय, हे दोन मिनिटांत समजून घेतलं तर निम्मी भीती जाते. इंजिन सुरू झालं की ते फिरतच राहतं, गाडी जागेवर उभी असतानाही मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे. चाकं मात्र थांबलेली. फिरणारं इंजिन थांबलेल्या चाकांना एकदम जोडलं तर दोनच गोष्टी होऊ शकतात: गाडी उडी मारते किंवा इंजिन गुदमरून बंद पडतं. बहुतेक वेळा आधी उडी आणि मग बंद. क्लच पेडल दाबलं की इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे होतात, सोडलं की जोडले जातात. या दोन्हींच्या मध्ये एक छोटीशी जागा असते, तिथे क्लच प्लेट घासत घासत इंजिनचा जोर चाकांना थोडा थोडा देत असते. आपल्याकडे तिला हाफ क्लच म्हणतात. पेडलचा प्रवास लांबलचक असला तरी कामाचा भाग इंच-दोन इंचांचा. त्याच्या आधी पाय झटकन सोडला तरी काही बिघडत नाही आणि नंतरही नाही. सगळा संयम त्या इंच-दोन इंचांसाठी राखून ठेवायचा. आणि ही जागा प्रत्येक गाडीत निराळी. नव्या गाडीत पेडल खाली असतानाच लागते, प्लेट झिजलेल्या गाडीत बऱ्याचदा अगदी वर. त्यामुळे मित्राची, मेव्हण्याची, ऑफिसची, कोणतीही नवी गाडी हातात आली की निघण्याआधी तिचा हाफ क्लच शोधायचा.

तो शोधायला मोकळी, सपाट जागा लागते. उल्हासनगरच्या पाचही कॅम्पांत ती मिळणं कठीण. गोल मैदानाभोवती पहाटे थोडी मिळाली तरी फिरायला येणारी माणसं असतात, आणि नेताजी चौक किंवा श्रीराम चौकाच्या बाजूला तर नावच नको. अंबरनाथची आनंदनगर एमआयडीसी त्या मानाने बरी. मात्र कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस विचारून घ्या. कामाच्या दिवशी तिथे केमिकलचे टँकर आणि कंटेनर वळत असतात, पाळी सुटण्याच्या वेळी सायकली आणि बसगाड्यांची गर्दी होते. बदलापूरकरांना नव्या वस्त्यांमधले, इमारती उभ्या राहत असलेले रस्ते आहेत, पण तिथे वाळूखडी सांडलेली असते, बांधकामावरच्या मजुरांची मुलं खेळत असतात. सकाळी साडेसहा ते आठ ही वेळ धरा. पहाटेच्या काळोखात शिकू नका.

आता सराव. सीट अशी पुढे घ्या की क्लच पूर्ण दाबल्यावरही डावा गुडघा किंचित वाकलेला राहील. बऱ्याच जणांची अर्धी अडचण इथेच असते: सीट मागे, त्यामुळे क्लच तळापर्यंत जात नाही, आणि गिअर टाकताना खर्रकन आवाज येतो. पायात पट्ट्याची चप्पल किंवा पातळ तळाचा बूट. रबरी स्लिपर नको. ती ओली झाली की पेडलवरून सरकते आणि कोरडी असली तरी पेडलखाली दुमडते. पायाखालचं मॅट हुकाला अडकवलेलं आहे ना, बघा. पाण्याची बाटली सीटखाली ठेवायची सवय असेल तर ती आजच मोडा. घरंगळत ब्रेकखाली गेली तर ब्रेक दाबताच येत नाही.

गाडी सीएनजीवर असेल तर शिकताना पेट्रोलवर घ्या. सीएनजीवर इंजिनचा जोर थोडा कमी पडतो, नवशिक्याकडून ती लवकर बंद पडते. एसी बंद. काच थोडी खाली, कारण इंजिनचा आवाज ऐकू येणं महत्त्वाचं. उजवा पाय ब्रेकवर, क्लच तळापर्यंत, पहिला गिअर. आता डावी टाच जमिनीला टेकवून क्लच हळूहळू सोडत या. एका जागी इंजिनचा आवाज जरा खाली उतरेल, आरपीएमचा काटा किंचित हलेल, स्टिअरिंगवर बारीक थरथर लागेल आणि बॉनेट केसभर वर उचलल्यासारखं दिसेल. पाय तिथेच गोठवा. आता ब्रेकवरचा पाय उचला. गाडी आपली आपण सरकू लागेल. दोन-तीन मीटर गेली की क्लच दाबा, ब्रेक दाबा, थांबा. पुन्हा तेच. ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावायचाच नाही.

यावर काही जुने उस्ताद म्हणतील, "रेस दिल्याशिवाय गाडी निघते का कधी?" त्यांचं बरोबर होतं, पण ते कार्ब्युरेटरच्या मारुती ८००च्या काळात. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत इंजिनवर भार आला की संगणक आपण होऊन इंधन वाढवतो, त्यामुळे सपाटीवर ती नुसत्या क्लचवर निघते. आधी रेस शिकलेला माणूस क्लचची चूक रेसने झाकायला शिकतो. गाडी बंद पडत नाही हे खरं, पण भुरर्र आवाज करत निघते आणि प्लेट जळत राहते. डावा पाय तयार झाल्यावर उजव्याला कामाला लावायला एक दिवस पुरतो.

पहिल्या तीन-चार दिवसांत एवढंच केलं तरी चालेल. कंटाळा येईल, घरचे विचारतील, "अजून तिसरा गिअर नाही टाकला?" विचारू द्या.

गाडी बंद पडणं ही चूक समजू नका, पण बंद पडल्यावर काय करायचं ते पाठ असू द्या: क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबा, न्यूट्रल करा, चावी फिरवा, पुन्हा पहिला. घाईत गिअरमध्येच, क्लच न दाबता चावी मारली तर गाडी पुढे उडी घेते, आणि पुढे रिक्षा असते.

गिअर बदलण्याचं फार स्तोम माजवलं जातं. दुसरा साधारण १५-२० च्या वेगाला, तिसरा तिशीच्या आसपास, चौथा पंचेचाळीसच्या पुढे. आकड्यांपेक्षा आवाजावर भरवसा ठेवा: इंजिन किंचाळू लागलं की वरचा, धडधडू लागलं की खालचा. दांड्याकडे बघायचं नाही, आणि तळहाताने ढकलायचा, मुठीत आवळायचा नाही. रिव्हर्स मात्र गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकू नका. रिव्हर्सचा सगळा खेळ हाफ क्लचवर असतो, रेसवर नाही. उल्हासनगरच्या गल्लीत दोन्ही बाजूंना दुचाकी लावलेल्या असताना मागे यायचं असेल तेव्हा हे कळतं.

ब्रेकच्या बाबतीत मात्र माझं अनेक शिकवणाऱ्यांशी पटत नाही. समोर काही आलं की 'क्लच, ब्रेक' असं ओरडण्याची पद्धत आहे. गाडी बंद पडू नये म्हणून क्लच आधी. त्यामुळे शिकाऊ माणसाचा डावा पाय संकटात सर्वात आधी हलतो, इंजिनचा चाकांवरचा धरबंद सुटतो आणि गाडी मोकळी धावते. आधी ब्रेक. वेग उतरून गाडी जवळपास थांबायला आली, आवाज धडधडू लागला, की मग क्लच. अचानक पूर्ण ताकदीने थांबायची वेळ आली तर दोन्ही एकदम दाबा. तिथे बंद पडली तरी हरकत नाही, थांबली हे महत्त्वाचं. आणि चालत्या गाडीत क्लचवर पाय विसावून ठेवायची सवय लागू देऊ नका. डाव्या कोपऱ्यात पायासाठी जागा असते, ती त्यासाठीच.

चढ

या तिन्ही शहरांत रेल्वेमार्गाने पूर्व-पश्चिम असे भाग पाडले आहेत, त्यामुळे उड्डाणपूल टळत नाही. अंबरनाथचा पूल, बदलापूरचा पूल, उल्हासनगरकरांना शहाडचा पूल. मोकळा पूल चढण्यात काही विशेष नाही. पण आपल्याकडे पूल मोकळा कधी असतो? चढावर मध्येच रांग थांबते, मागे रिक्षा वीतभर अंतरावर येऊन चिकटते, आणि ब्रेकवरून पाय उचलला की गाडी मागे येऊ लागते. पुलाला घाबरून लांबचा वळसा घालणारे लायसन्सधारी मी बरेच पाहिले आहेत.

याला उपाय हँडब्रेक. थांबलात की हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा, दोन्ही पायांना विश्रांती. पुढची गाडी हलली की क्लच दाबून पहिला गिअर, थोडी रेस द्या (इथे मात्र ती लागते, काटा पंधराशेच्या आसपास) आणि क्लच हाफपर्यंत आणा. बॉनेट उचलेल, गाडी मागून कोणी धरून ठेवल्यासारखी ताणली जाईल. तो ताण जाणवल्यावरच हँडब्रेकचं बटण दाबून सोडा. गाडी मागे न येता पुढे निघते. ताण जाणवला नाही तर हँडब्रेक सोडू नका, मागचा कितीही हॉर्न वाजवो. काही नव्या गाड्यांत हिल होल्डची सोय असते, ती दोन-तीन सेकंद गाडी धरून ठेवते. ती असली तरी हँडब्रेकची पद्धत शिकाच, कारण पुढची गाडी कोणती मिळेल हे सांगता येत नाही.

पुढच्या गाडीपासून अंतर इतकं ठेवा की तिची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसली पाहिजेत. ती मागे घसरली तर जागा राहते, बंद पडली तर बाजूने काढता येते. आणि चढावर गाडी हाफ क्लचवर तोलून धरायची नाही. पाहणाऱ्याला ते कौशल्य वाटतं, अनुभवी चालक करतातही, पण खाली प्लेट घासत असते. जळका, उग्र वास आला की समजा: न्यूट्रल, हँडब्रेक, दोन मिनिटं थांबा.

चढावर थांबून, मागे न घसरता पुन्हा निघणं ही केंद्रीय मोटार वाहन नियमांत चालक परीक्षेच्या यादीत लिहिलेली गोष्ट आहे. त्याच यादीत उतारावर झटकन खालचा गिअर टाकणं आणि अरुंद जागेत रिव्हर्स घेणंही आहे. प्रत्यक्ष परीक्षा कदाचित चार मिनिटांत आटपेल. तुमचा अभ्यासक्रम म्हणून ती यादीच धरा. पूल प्रथम रविवारी सकाळी, मग आठवड्यातल्या दुपारी, आणि शेवटी संध्याकाळी सातला. या क्रमाने केलात तर भीती टप्प्याटप्प्याने जाते.

उताराबद्दल एक गैरसमज इथे घट्ट बसलेला आहे: न्यूट्रल करून उतरलं की पेट्रोल वाचतं. इंजेक्शनच्या गाडीत उलटं आहे. गिअरमध्ये असताना रेस सोडून उतरलात तर इंजिनचं इंधन जवळपास बंदच होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतं. शिवाय गिअर सुटला की सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिन बंद करून उतरणं हा तर वेडेपणा. त्याने ब्रेकचा आणि स्टिअरिंगचा आधारच जातो.

चढ-उताराची खरी परीक्षा घ्यायची असेल तर बदलापूर-वांगणी-नेरळ असा रस्ता धरून माथेरानचा घाट आहे. वर दस्तुरी नाक्यापर्यंतच गाडी नेता येते. हा घाट कमालीचा उभा आणि वळणांचा आहे. काही वळणांवर दुसरा गिअरही दम तोडतो, पहिलाच लागतो. नियम साधा: ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. समोरासमोर दोन गाड्या आल्या आणि जागा एकीपुरतीच असली, तर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, कारण त्याला पुन्हा निघणं कठीण असतं. पण लायसन्स मिळाल्याच्या आठवड्यात तिथे जाऊ नका, पावसाळी शनिवार-रविवारी तर नकोच.

वेगाचा सराव कुठे करायचा? काटई-बदलापूर रस्त्यावर तिसरा-चौथा गिअर मिळतो, पण तिथे ट्रक आणि टँकर भरधाव असतात आणि नेवाळी नाक्यावर पुन्हा खोळंबा. पुढच्या वाहनापासून निदान दोन सेकंदांचं अंतर, आणि टँकरच्या मागे चिकटून ओव्हरटेकची संधी शोधायची नाही, हे दोन नियम पाळले तर सकाळी हा रस्ता चांगला. बदलापूर पश्चिमेकडून बारवी धरणाकडे जाणारा रस्ता शांत, वळणावळणाचा, गिअर वर-खाली करायला उत्तम. मात्र गावं लागतात. गुरं, शाळेची मुलं आणि न रंगवलेले गतिरोधक गृहीत धरा. सुट्टीच्या दिवशी तिथे पर्यटकांचीच रांग लागते.

पावसाळा

जून ते सप्टेंबर शिकणं थांबवू नका, कारण पुढे याच रस्त्यावर याच पावसात चालवायचं आहे. पण उल्हास नदी आणि वालधुनी काय करू शकतात हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ चा पूर आठवणारे अजून आहेत. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजाराच्या वर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. जिथे रेल्वे अडकते तिथे आपली छोटी गाडी काय.

चाकाच्या निम्म्यापेक्षा वर पाणी दिसत असेल किंवा पाण्याला ओढ असेल तर मागे फिरा. उथळ, साचलेल्या पाण्यातून जायचंच असेल तर आधीच पहिला गिअर टाका, रेस एकसारखी धरा, गिअर बदलू नका, रेस सोडू नका, मध्ये थांबू नका. पलीकडे निघाल्यावर हलक्या पायाने दोन-चार वेळा ब्रेक दाबा, म्हणजे ते वाळतात. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी मारायची नाही. इंजिनात पाणी शिरलं असेल तर तो एक प्रयत्न इंजिनच्या दुरुस्तीचं मोठं बिल देऊन जातो. ढकलून बाहेर काढा आणि मेकॅनिकला बोलवा. पाण्याखालचा खड्डा दिसत नाही, म्हणून पुढच्या वाहनाच्या चाकांवर नजर ठेवा. ती जिथे बुडतात तिथे तुम्ही जायचं नाही.

कागदपत्रं

तिन्ही शहरांची आरटीओ कल्याणची, नंबर एमएच-०५. शिकाऊ लायसन्ससाठी वय १८ पूर्ण हवं. अर्ज 'सारथी' पोर्टलवर होतो, आणि आधार असल्यास परीक्षाही महाराष्ट्रात २०२१ पासून घरबसल्या देता येते. ६० टक्के उत्तरं बरोबर लागतात. एजंट म्हणेल, "तुम्ही फक्त ओटीपी सांगा, बाकी मी बघतो." सांगू नका. त्या परीक्षेत रस्त्यावरची चिन्हं विचारतात, आणि ती चिन्हं तुम्हाला ओळखता आली पाहिजेत, एजंटला नव्हे. चाळिशी उलटलेल्यांना डॉक्टरांचं प्रमाणपत्र, फॉर्म १-ए, लागतं.

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं. ते मिळाल्यापासून ३० दिवसांनंतरच पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. तेव्हा शेवटचा महिना उजाडेपर्यंत थांबू नका, परीक्षेची तारीख आधीच घ्या. आपल्याकडे एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटार वाहनाचं, लायसन्स एकच आहे, गिअरची आणि ऑटोमॅटिक असा भेद नाही. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर गिअरची गाडी चालवता येत नाही. आपल्याकडे कायदा अडवत नाही, म्हणून अडवून घ्यायचं काम स्वतःचं स्वतः करायचं: ज्या प्रकारची गाडी हाताखालून गेली नाही, ती घेऊन थेट रस्त्यावर यायचं नाही.

घरच्या गाडीवर शिकणार असाल तर पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवा. पाटी १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर निदान १० सेंटिमीटर उंच. वहीच्या कागदावर स्केचपेनने काढलेला 'एल' चालत नाही. शेजारी पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती बसलेली पाहिजे, आणि तीही अशी की वेळेला गाडी थांबवू शकेल. एकट्याने 'जरा कोपऱ्यापर्यंत' नेली आणि काही झालं, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. अल्पवयीन मुलाच्या हातात चावी देणाऱ्या पालकाला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजारांचा दंड कायद्यात आहे.

घरी शिकवणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. घरच्या गाडीत दुसरी पेडलं नसतात, त्यामुळे तुमचा हात हँडब्रेकजवळ हवा आणि आवाज खाली. नवरा बायकोला किंवा बाप मुलीला शिकवतो तेव्हा गाडीपेक्षा तोंड जास्त चालतं. "अगं क्लच, क्लच!" असं ओरडून पाय जागेवर येत नाही. कुठे, काय करायचं ते गाडी उभी असताना सांगा. चालू असताना दोन शब्द पुरे. बंद पडली तर मागच्याला हात करून थांबायला सांगणं, हे शिकवणाऱ्याचं काम. आणि क्लास आधी, घरची गाडी नंतर, हा क्रम सोडू नका.

मग प्रश्न येतो: ऑटोमॅटिक असताना हा सगळा त्रास कशाला? प्रश्न वाजवी आहे. २०१४ ला मारुतीने सेलेरिओत स्वस्तातला एएमटी, म्हणजे आपोआप बदलणारा गिअर, आणल्यापासून क्लचशिवायची गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. गुडघे दुखत असतील, रोज कल्याणपर्यंत रांगेतूनच जायचं असेल आणि नवीच गाडी घेणार असाल, तर खुशाल एएमटी घ्या, त्यात कमीपणा नाही. पण पहिली गाडी जुनी घेणार असाल, ऑफिसची किंवा भावाची गाडी कधी चालवावी लागणार असेल, रात्री-अपरात्री घरच्या आजारी माणसाला मिळेल त्या गाडीतून दवाखान्यात न्यायची वेळ येऊ शकते असं वाटत असेल, तर शिकायची ती गिअरचीच. गिअरवर शिकलेल्याला ऑटोमॅटिक एका सकाळीत येते. उलट दिशेने तसं होत नाही.

शेवटचं सांगणं शिकणाऱ्यांना नाही, इतरांना आहे. अंबरनाथच्या किंवा बदलापूरच्या पुलावर पुढच्या गाडीला लाल 'एल' दिसला, तर तिच्यामागे निदान एका गाडीची जागा सोडा आणि हॉर्नवरून हात काढा. ती बंद पडेल, पुन्हा सुरू होईल आणि निघेल. तुमचं फार तर अर्धं मिनिट जाईल.